फॉर्मवरची दुसरी ओळ

ब्राउनश्वाइग,
रविवार, ८ एप्रिल १९६२

प्रिय श्रीरंग,

चार वर्षांनी पत्र येतंय आणि तेही न विचारता, तेव्हा आधी अक्षर नीट ओळख आणि मग वाटलं तर पुढे वाच. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे, म्हणून आज भांडं आधीच पुढे करते. या महिन्याच्या अखेरीला मी पॅरिसला जाणार आहे. साखरेच्या पृथक्करणावर तिथे चार दिवसांची बैठक आहे आणि आमच्या इन्स्टिट्यूटतर्फे प्रोफेसरांबरोबर मलाही जायचंय. फ्रेंच व्हिसाचा फॉर्म समोर टेबलावर पडला आहे. कोणकोणत्या शहरांत जाणार, असा त्यात एक रकाना आहे आणि त्याला दोन ओळी दिल्या आहेत. पहिल्या ओळीत पॅरिस लिहून झालं. दुसरी ओळ गेले नऊ दिवस रिकामी आहे. त्या ओळीत ग्रेनोब्ल लिहायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि फॉर्म गुरुवारी गेला पाहिजे.

सल्ले द्यायला माणसांची वानवा नाही. आमच्या घरमालकीणबाई, फ्राऊ क्रूझे, तुला आठवत असतील. त्यांचं म्हणणं, दुसरं शहर घ्यायचंच तर श्ट्रासबुर्ग घ्यावं, तिथल्या कॅथेड्रलमधलं घड्याळ बघण्यासारखं आहे. मी मान डोलावली की त्या या, या, गेनाऊ, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणत मला अर्धा तास ते घड्याळ सांगतात. ड्युसेलडॉर्फला विनय कारखानीस म्हणून एक आपला माणूस आहे, यंत्रांच्या कंपनीत. हल्ली त्याला आल्झो, म्हणजे आपलं ‘तर मग’, म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नाही. तो म्हणतो, पॅरिसला चार दिवस म्हणजे दातांच्या फटीत जातील, त्यात आणखी एक गाव कशाला खुपसतेस? दोघांचंही बरोबर आहे. मी दोघांनाही हो म्हटलं. स्टेशनजवळच्या राइझेब्युरोत, म्हणजे प्रवासाच्या कचेरीत, मी तीनदा जाऊन आले. एकदा ग्रेनोब्ल धरून विचारलं, एकदा वगळून, परवा पुन्हा धरून. तिथला टक्कल पडलेला सभ्य माणूस आता मला दारातून येताना बघितलं की वेळापत्रक उघडूनच ठेवतो. पॅरिसहून सकाळी निघायचं, लियाँला गाडी बदलायची आणि दुपारी तुझ्या गावात पोचायचं, हे मला आता रामरक्षेसारखं पाठ झालंय. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत आहे. काल प्रयोगशाळेत एकाच मळीच्या नमुन्याचं रीडिंग मी चार वेळा घेतलं आणि चारही वेळा वहीत लिहायला विसरले.

बाहेर एप्रिलचं इथलं नेहमीचं चाललंय. घटकेत ऊन, घटकेत गारा. मघाशी पत्र अर्धवट टाकून ओकर नदीपर्यंत जाऊन आले. त्या लोखंडी पुलावर उभी राहिले, जिथे तू सत्तावन्नच्या नाताळात नदी गोठली आहे की नाही हे बघायला दगड टाकला होतास आणि एका म्हाताऱ्याने तुला जर्मनमध्ये झापलं होतं. तुला एक अक्षर कळलं नाही. तू नम्रपणे डांके म्हणून त्याचे आभार मानलेस. त्याच दिवशी फ्राऊ क्रूझेंनी तुला ब्राउनकोल वाढला. तू मांसाला शिवत नाहीस म्हणून मी त्यांना सॉसेज बाजूला काढायला सांगितलं होतं, आणि तू ती हिरवी भाजी तीनदा मागून घेतलीस, अगदी आपल्याकडच्या मेथीसारखी लागते म्हणून. ती सबंध भाजी डुकराच्या चरबीत शिजलेली असते, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. तुझं जेवताना इतकं समाधानी तोंड मी आधी कधी बघितलं नव्हतं. चार वर्षं मनात ठेवलेल्या दोन गोष्टींपैकी ही छोटी. पोटात काही होऊ देऊ नकोस आता.

मोठी गोष्ट सांगायला जरा मागे जावं लागेल. साखर कारखान्याच्या कॉलनीत आपली दोन घरं भिंतीला भिंत लावून होती, तेव्हाची दुपार. तू नऊ वर्षांचा असशील, मी आठ. आपण आमच्या ओट्यावर चिंचोके खेळत होतो. पोस्टमनने त्या दिवशी कार्ड आत टाकलं नाही, पायरीवर उभं राहून आईला बाहेर बोलावलं. कार्डाचा कोपरा फाटलेला होता. आईने ते उंबऱ्याबाहेरच वाचलं, तिथेच त्याचे तुकडे केले आणि नेसत्या लुगड्यानिशी न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मिरजेचे आजोबा गेले होते. तू मला विचारलंस, कार्डाचा कोपरा उंदराने खाल्ला का? संध्याकाळी नाना लॅबोरेटरीतून आले, त्यांनी आपल्या दोघांना जवळ बसवून समजावलं की आत मरणाची बातमी असेल तर पत्राचा कोपरा फाडून पाठवतात, म्हणजे वाचणाऱ्याने आधी मन घट्ट करावं. आजोबा जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते आणि मधल्या काळात आईने हळदीकुंकू केलं होतं. तिला त्याचं फार लागलं. नाना तिला म्हणाले, दोष नाही, कळलं नाही तोवर सुतक नाही. न कळलेलं मरण घराला लागत नाही. नानांची बरीच वाक्यं मी विसरले. हे तेवढं राहिलं.

आता अठ्ठावन्नच्या मार्चवर येते. तीन तारीख होती, सोमवार. चोवीस तारखेला माझी तोंडी परीक्षा होती. ती पास झाले तरच स्कॉलरशिप पुढे चालणार आणि डॉक्टरेटला नाव लागणार, नाहीतर बोचकं बांधून परत. इन्स्टिट्यूटमधून घरी आले तर फ्राऊ क्रूझे सकाळच्या गाडीने बहिणीकडे मागडेबुर्गला निघून गेल्या होत्या आणि जिन्याखालच्या टेबलावर तुझं पाकीट होतं. फिकट पिवळं, तुझं तिरकं अक्षर, आणि वरचा उजवा कोपरा तिकिटासकट फाटलेला. श्रीरंग, मी तिथेच जिन्यावर बसले. जानेवारीत नानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, ते तुला माहीत होतं. पोरीची परीक्षा होईपर्यंत तिला बापाचं कळवू नका, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. आमच्या यशवंतकाकांचा तर तो धर्मच. मग कळवायचं कोणामार्फत? युरोपात माझ्या जवळचा असा एकच माणूस होता, ज्याला नाना पोटच्या पोरासारखं मानत. काकांनी तुला लिहिलं असणार, तू हळूच सांग म्हणून, आणि तू रीत न विसरता कोपरा फाडून धाडलं असणार. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, आणि त्यात कुठे फट आहे असं मला वाटलंसुद्धा नाही.

मी ते उघडलं नाही. खोलीतही आणलं नाही. जिन्यात बुटांचं कपाट आहे, त्यात माझ्या बर्फाच्या बुटांमागे उभं करून ठेवलं. परीक्षा होईपर्यंत नाना जिवंत राहतील, असं मी ठरवलं. हसू नकोस. रोज सकाळी बूट काढताना ते पाकीट दिसायचं आणि मी त्याच्याकडे न बघता नाड्या बांधायची. मध्ये काकांचं पत्र आलं: इकडे सर्व क्षेम, नाना बरे आहेत, थकवा आहे म्हणून मी लिहीत आहे. ते वाचून माझी उरलीसुरली शंकाही गेली. नाना बरे असते तर दोन ओळी स्वतः लिहिल्याच असत्या, नाही का? कॉलेजात तुझ्या जानव्याची आणि एकादश्यांची टिंगल करणारी हीच ती वसुधा. प्रत्येक गोष्ट तपासून बघा, असं सगळ्यांना सांगत फिरणारी, आणि एक पाकीट तपासायची हिंमत तिला एकवीस दिवस झाली नाही.

चोवीसला पास झाले. प्रोफेसरांनी हात हातात घेतला, काय म्हणाले ते आठवत नाही. घरी येऊन थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच जिन्यात, दाराबाहेर बसून तुझं पाकीट फोडलं. कुणी मेलं नव्हतं. तू लिहिलं होतंस की कोयनेवर नोकरी मिळाली, एकोणीस मार्चला मार्सेयहून बोट आहे, त्याआधी दोन दिवस ग्रेनोब्लला ये, तुला डोंगर दाखवायचेत आणि एक गोष्ट समोरासमोर विचारायची आहे. आणि शेवटी ते तुझं वाक्य: उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजेन, पुन्हा त्रास देणार नाही. खरं सांगते, पहिला तासभर मला यातलं काहीच दिसलं नाही. नाना जिवंत आहेत, एवढंच दिसलं. खाली धावत जाऊन मी फ्राऊ क्रूझेंना मिठी मारली. परीक्षेचा आनंद समजून त्यांनी केक कापला. दुसरा तुकडा खाताना मला एकदम बोट आठवली. एकोणीस तारीख होऊन पाच दिवस झाले होते. तू तेव्हा सुएझच्या आसपास असशील.

कोपरा कोणी फाडला, ते दोन आठवड्यांनी कळलं. स्वयंपाकघरात एका खोल बशीत पाण्यावर तिकिटं तरंगत होती. फ्राऊ क्रूझे चर्चच्या अपंगांच्या आश्रमासाठी वापरलेली तिकिटं जमवतात. एरवी विचारून, पत्र वाचून झाल्यावर, कात्रीने कापून घेतात. त्या दिवशी गाडी चुकेल म्हणून ओरबाडून घेतलं होतं. त्यांच्या लेखी पाकिटाचा कोपरा फाटला तर काय बिघडलं? बशीतल्या एका फ्रेंच तिकिटाच्या कडेला फिकट पिवळा कागद चिकटलेला होता. मी वर जाऊन पाकीट आणलं आणि जोडून बघितलं. नीट बसला. त्यांना मी आजतागायत सांगितलेलं नाही. सांगून त्या बाईला रडवायचं, त्याने माझं काय भलं होणार होतं?

मग तुला का नाही लिहिलं? चार वर्षं हाच प्रश्न मी दुसऱ्या कुणीतरी मला विचारल्यासारखा टाळत आले आहे. लिहायला बसले होते, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी फाटलेल्या कोपऱ्यापाशी यायची आणि थांबायची. ही हकीकत कोणाला खरी वाटेल? नको असलेल्या माणसाला टाळायला बाईने रचलेली गोष्ट वाटेल. आणि खरी वाटली, तर आणखी वाईट. मला तुझ्यापुढे वेडी ठरायची लाज वाटली, श्रीरंग. लाज, बाकी काही नाही. सहा महिने गेले, मग वर्ष गेलं, आणि उशीर झाला हेच न लिहिण्याचं कारण झालं. नाना पाकाबद्दल सांगायचे तसं. दाणा धरायची एक वेळ असते, ती गेली की कढईत नुसता गोळा. पण रागही आला तुझा, तेही आज लिहून टाकते. एका पत्रावर सबंध आयुष्याचा निकाल लावणारा तू कोण? दुसरं पत्र टाकायला हात मोडले होते? पोस्टात गहाळ झालं असेल, मी आजारी असेन, काही म्हणून तुझ्या मनात आलं नाही? मानी माणसं फार महाग पडतात. मी तुझ्यापेक्षा कमी मानी नाही, म्हणून तर हे असं झालं.

पुन्हा गारा सुरू झाल्या. मधे उठून खिडक्या लावून आले. खाली फ्राऊ क्रूझे बहिणीला पत्र लिहीत बसल्या आहेत. मागडेबुर्ग इथून दोन-अडीच तासांवर, पण सीमेपलीकडे, पूर्व जर्मनीत. दर वसंतात त्या एकदा जायच्या. गेल्या ऑगस्टात भिंत उभी राहिल्यापासून सगळंच बंद झाल्यासारखं आहे, परवान्याचा अर्ज दोनदा परत आला. परवा जेवताना, त्या घड्याळाचं सांगून झाल्यावर, मी त्यांना म्हटलं की श्ट्रासबुर्ग नाही, दुसरंच एक गाव मनात आहे, तिथे एक जुना ओळखीचा माणूस राहतो, जावं की नाही ते कळत नाही. त्यांनी बशा गोळा करता करता एवढंच विचारलं की तिकडे गाड्या चालू आहेत ना. मी म्हटलं, आहेत. त्या बशा धुवायला लागल्या. त्या क्षणापासून मला एका जागी बसवत नाही. तुला कदाचित मला भेटायचंही नसेल. तुझं तिथे आता वेगळं काही असेल. मी स्टेशनात उतरेन आणि तू मला चहा पाजून, हवापाण्याच्या गप्पा मारून परत गाडीत बसवशील. ते मला न येण्यापेक्षा जास्त लागेल, हे मला माहीत आहे. तरी जायचं की नाही, हा प्रश्न आहे.

आता तू तिथे आहेस हे मला कसं कळलं, ते सांगते. ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले आणि इतकी पानं त्याच्याभोवती फिरत राहिले. डिसेंबरात नानांचं पत्र आलं. श्रीरंग पुन्हा ग्रेनोब्लला वर्षभरासाठी गेला आहे, जाताना मुद्दाम वाट वाकडी करून भेटून गेला, अजून एकटाच आहे, पत्ता देतो. नकाशात बघितलं, तुझ्यापासून बोटभर अंतर आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. एवढंच. नानांनी मला कधी काही विचारलं नाही, तेव्हाही विचारलं नाही. तुझ्याबद्दल काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी उत्तर उद्यावर टाकत गेले. एकवीस जानेवारीला यशवंतकाकांचा एअरोग्राम आला. चारही कोपरे शाबूत. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, एका हातात पावाचा तुकडा धरून तो फोडला. नाना नऊ तारखेला गेले, श्रीरंग. झोपेतच. दहा दिवस उलटल्यावर कळलं तर तीन दिवसांचं सुतक. ते मी इथे एकटीने धरलं, कुणाला न सांगता. मधले बारा दिवस ते माझ्यापुरते जिवंत होते, मी विनयच्या विनोदांना हसत होते, आणि त्याचा ना त्यांना उपयोग झाला ना मला. न कळलेलं मरणही लागतं. उत्तर न लिहिलेलं पत्र तर फारच लागतं. तुझ्या घरचे आता नागपूरला, तेव्हा तुला कुणी कळवलं असेल की नाही, कोण जाणे. तुला ते माझ्याकडून कळावं, असं वाटलं. रीतीप्रमाणे या पाकिटाचा कोपरा मी फाडायला हवा होता. फाडलेला नाही, कारण तू ते उघडायला हवंस. फॉर्मच्या दुसऱ्या ओळीत मी आत्ता ग्रेनोब्ल लिहिलं. शनिवारी, अठ्ठावीस एप्रिलला दुपारच्या गाडीने येते. उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. नाही आलं, तर तो नकार आहे असं मी समजणार नाही. पत्र अजून फोडलेलं नाही, एवढंच समजेन, आणि नानांच्या अक्षरातला पत्ता हातात घेऊन तुझ्या दारात येऊन उभी राहीन.

तुझीच,
वसुधा